मांजर माळकरी होईल का, आणि बाकीचे प्रश्न

या महिन्यात प्रश्नांचा नुसता पाऊस पडलाय. अंक होता पावसाळी भाज्यांचा, आणि तुम्ही सगळ्यांनी विचारलंय काय तर मांजर, कासव, कावळा. छान वाटलं. नवीन वाचकांसाठी एकदाच सांगून टाकते की मी प्राण्यांची डॉक्टर नाही, झूलॉजीत एमएस्सी केलंय आणि आता पीएचडी रेटतेय, विक्रोळीला खाडीच्या बाजूला राहते, घरात दोन मांजरं, एक फिशटँक आणि या दोन्हीला कंटाळलेली आई. त्यामुळे औषधाचा डोस वगैरे विचारलात तर माझं उत्तर एकच, व्हेटकडे जा. बाकी काहीही विचारा.

ताई, माझा मुलगा सातवीत आहे. घरात जिकडेतिकडे त्याचे डबे. श्रीखंडाच्या डब्यात कढीपत्त्यावरच्या अळ्या, काचेच्या बरणीत गोगलगाय, परवा फ्रीजमध्ये मेलेला भुंगा सापडला, तोही कोथिंबिरीच्या शेजारी. सासूबाई म्हणतात मुलगा हातचा गेला. हे वेड वयाबरोबर जाईल ना? – एक आई, मुलुंड

जाऊ नये म्हणून देव पाण्यात ठेवा, असं मी म्हणेन! भुंग्याचं मात्र खरंय, कोथिंबिरीशेजारी नको, त्याला वेगळा डबा द्या आणि वर नाव लिहायला लावा.

आता त्या अळ्यांबद्दल. कढीपत्त्यावर मुंबईत बहुतेक वेळा कॉमन मॉरमॉन नावाच्या काळ्या फुलपाखराची अळी असते, लिंबावर असेल तर लाइम बटरफ्लायची असू शकते, दोघं एकाच कुळातले. एकदा मुलाच्या शेजारी बसून बघाच. अंड्यातून निघालेली बारकी अळी काळपट आणि मध्ये पांढरा पट्टा, हुबेहूब पक्ष्याची शिट, म्हणजे पक्षी तिच्याकडे बघतच नाही, स्वतःचीच घाण कोण खाणार. मग कात टाकत टाकत मोठी होते आणि शेवटच्या टप्प्यात एकदम हिरवीगार, पुढच्या बाजूला डोळ्यांसारखे दोन ठिपके. तिला काडीने हळूच डिवचलं की डोक्यामागून लालभडक दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि एक उग्र वास सुटतो, हे मुलाला नक्की माहीत असणार, तुम्हाला दाखवलं नसेल कारण तुम्ही ओरडता. पुढे ती एका काडीला रेशमाचा धागा कंबरेभोवती गुंडाळून टेकून बसते आणि कोष होतो. फुलपाखरू बाहेर येतं तेव्हा पंख चुरगळलेले असतात, ते लटकून राहतं, पंखांच्या शिरांमध्ये द्रव पंप करतं, आणि पंख पसरायला जागा नसेल तर ते वाकडेच वाळतात, मग ते उडू शकत नाही. म्हणून श्रीखंडाच्या डब्याचं झाकण काढून वर जुनी ओढणी रबरबँडने बांधा, आत उभी काडी ठेवा, रोज ताजा पाला, आणि फुलपाखरू झालं की त्याच दिवशी खिडकीतून सोडायचं. एवढे नियम पाळायचे असतील तरच पाळायचं, हे त्याला सांगा. ऐकेल.

सासूबाईंना पक्षितज्ज्ञ सलीम अलींची गोष्ट सांगा. खेतवाडीत वाढलेला दहा-बारा वर्षांचा पोरगा, छर्ऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारायचा, एक दिवस एक चिमणी मारली तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही कुठली चिमणी हे घरात कुणालाच सांगता येईना म्हणून मामाने त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं, १९०८ च्या आसपासची गोष्ट. तिथले सेक्रेटरी मिलार्ड यांनी त्याला हाकललं नाही, कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. बस, तिथून पुढे सगळं. नंतर नोकरी नव्हती तेव्हा १९३० मध्ये अलिबागजवळ किहीमला राहून त्यांनी घराजवळची सुगरणीची घरटी बघत बघत शोधून काढलं की नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर राहते आणि मग तो पुढचं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. यासाठी लॅब लागली नाही. वेळ लागला आणि वही लागली. तर मुलाला एक वही द्या, दोनशे पानी, त्यात तारीख, काय खाल्लं, किती सेंटीमीटर झाली असं लिहू दे. अभ्यासात लक्ष नाही म्हणता ना, हा अभ्यासच आहे हो.

आमचं घर माळकरी, मांसमच्छी अंडं काही चालत नाही. लेकीने हट्टाने मांजरीचं पिल्लू आणलं, आता आठ महिन्यांचं आहे. आम्ही दूधभात, पोळी, दही देतो, आवडीने खातं. पण ते अशक्त वाटतं, केस गळतात. शेजारचे म्हणतात मासे द्या. मांजर शाकाहारी राहूच शकत नाही का? – घाटकोपर

नाही. खोटं सांगून तुम्हाला बरं वाटवण्यात अर्थ नाही.

कुत्रा थोडाफार जमवून घेतो, तो माणसाच्या ताटाशेजारी हजारो वर्षं राहिलाय, त्याला पिठूळ अन्न बऱ्यापैकी पचतं. मांजर तसं नाही. टॉरिन नावाचा एक पदार्थ आहे, आपलं शरीर तो स्वतः बनवतं, मांजराचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही, तो मांसातूनच यावा लागतो. तो मिळाला नाही की आधी कळत नाही काही, मग डोळ्याचा पडदा खराब होत जातो आणि हृदयाचे स्नायू ढिले पडून हृदय फुगतं. १९८७ मध्ये हृदयाचं हे शास्त्रज्ञांनी दाखवलं तेव्हा तयार कॅटफूड खाणाऱ्या मांजरांनासुद्धा हा आजार होत होता, कारण त्यात टॉरिन कमी पडत होतं, त्यानंतर कंपन्यांनी प्रमाण वाढवलं आणि आजार एकदम कमी झाला. व्हिटॅमिन ए चं पण तसंच, आपण गाजरातून बनवतो, मांजराला ते जमत नाही. आणि अजून एक गंमत, मांजराला गोड चव कळतच नाही, गोड ओळखणारा त्यांचा जीन मोडलेला आहे, त्यामुळे तुमच्या लेकीने त्याला दिलेला पेढा तो तूप-दुधासाठी खातो, साखरेसाठी नाही.

दूधभात आवडीने खातं कारण भूक लागते. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचतही नाही, पोट बिघडतं.

आता माळेचं काय? मला ही अडचण खरी वाटते, मी तिची टर उडवणार नाही. माझ्या आजोळी पण माळ होती आणि तिथल्या बोक्याचं जेवण मागच्या अंगणात वेगळ्या थाळीत असायचं, आजी स्वतः शिवायची नाही पण शेजारणीकडून सुकट मागवायची. तुम्हाला तेही नको असेल तर चांगलं सुकं कॅटफूड हा मधला रस्ता आहे, शिजवायला नको, वास कमी, वेगळा डबा, वेगळं भांडं, गॅलरीत. त्यातही मांस असतंच, ते काही मी लपवत नाही. मासे किंवा चिकन देणार असाल तर बिनमिठाचं, नुसतं उकडलेलं, आणि उकडलेलं पाणी ओतून देऊ नका कारण टॉरिन पाण्यात उतरतं, पाण्यासकट द्या. कालवणातला तुकडा अजिबात नाही, कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. आणि हेही मनाला पटत नसेल तर पिल्लू अशा घरी द्या जिथे खातात. त्यात कमीपणा नाही. ससा पाळा, तो जन्माचा माळकरी.

पण आधी व्हेट. केस गळणं, अशक्तपणा याला जंतसुद्धा कारण असू शकतात. आणि ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, ती पचवायची यंत्रणा मांजराच्या लिव्हरमध्ये नाही, एका गोळीने जीव जातो.

पाल विषारी असते का? दुधात पडली तर माणूस मरतो म्हणतात. – चेंबूर

नाही, मुंबईच्या घरातली कुठलीच पाल विषारी नाही. दूध मात्र फेका, तिच्या अंगावर, शिटेत साल्मोनेलासारखे जिवाणू असतात, पोट बिघडू शकतं. तिच्या पायाला चिकट काही नसतं, लाखो सूक्ष्म केस असतात आणि भिंतीच्या रेणूंशी होणाऱ्या बारीक आकर्षणाने ती छताला धरून राहते. तुटलेली शेपटी परत येते पण आत हाड नसतं, कूर्चा असते. झुरळं आणि डास खाते, राहू द्या.

आमच्या आजींना (वय ८१) पोपट हवाय. त्यांच्या लहानपणी गिरगावात चाळीत पिंजरा होता, विठू विठू बोलायचा. दुकानदार म्हणतो आणून देतो पण कुणाला सांगू नका. हे बेकायदा आहे का? सगळ्यांकडेच तर असतो. – नातू, गिरगाव

कुणाला सांगू नका म्हणाला तिथेच उत्तर मिळालं की! हो, बेकायदा आहे. आपला हिरवा लाल चोचीचा पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतो, पकडणं, विकणं, पाळणं सगळंच गुन्हा. करण पोपट, म्हणजे तो मोठा खांद्यावर लाल पट्टी असलेला, तोही. पहाडी मैना, ठिपक्यांचं स्टार कासव, मुनिया, सगळे त्यात. सगळ्यांकडे असतो हे बरोबर आहे, आणि सगळ्यांकडचा चोरीचाच असतो.

आजींना हे कायद्याने नका सांगू, असं सांगा. पोपट झाडाच्या ढोलीत अंडी घालतो, हिवाळा संपता संपता. पकडणारे ढोलीत हात घालून पिसं न आलेली पिल्लं काढतात, बरीच वाटेतच मरतात, जी उरतात त्यांचे पंख कापून खोक्यातून बाजारात येतात. विठू विठू तो भक्तीने म्हणत नाही, पोपट थव्यात राहणारा पक्षी, एकमेकांचे आवाज शिकून घेणं हीच त्यांची ओळख, त्याला थवा म्हणून तुम्हीच मिळालेले असता म्हणून तो तुमचा आवाज शिकतो.

अगदी पक्षीच हवा असेल तर बजरीगर किंवा कॉकाटिएल, दोघं ऑस्ट्रेलियातले, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढवलेले, ते ठेवता येतात. पण एकटा नको, जोडी घ्या आणि मोठा आडवा पिंजरा घ्या, तो उभा गोल शोभेचा पिंजरा म्हणजे छळ आहे. दुसऱ्या काही विदेशी पोपटांची सरकारकडे ऑनलाइन नोंद करावी लागते, आफ्रिकन ग्रे वगैरे, त्या भानगडीत आजींना पाडू नका. आणि कुणाकडे आधीच आपला पोपट पिंजऱ्यात असेल तर गच्चीवरून उडवून देऊन पुण्य कमावू नका, त्याला उडता येत नसतं, कावळे फाडतात. वनखात्याच्या १९२६ हेल्पलाइनला फोन करा.

मी बारावी सायन्सला आहे. लहानपणापासून प्राण्यांची प्रचंड आवड, घरी कुत्रा, दोन गिनीपिग. व्हेट व्हायचंय की झूलॉजी करायचं ठरत नाही. झूलॉजीत कापाकापी करावी लागेल ही भीती आहे. आणि बाबा म्हणतात दोन्हीत पैसा नाही. – परळ

तू परळला राहतोस आणि मला विचारतोस? तुझ्या दारात बॉम्बे व्हेटरनरी कॉलेज आहे, १८८६ पासून. जाऊन एखाद्या इंटर्नशी बोल, दहा कॉलमपेक्षा जास्त कळेल.

तरी माझ्याकडून. कापाकापीची भीती जुन्या काळची आहे. आमच्या आधीच्या बॅचेस बेडूक, झुरळ, मुशी असं सगळं कापायच्या, सर लोक ससून डॉकवरून मुशी आणायचे आणि पूर्ण मजला वासाने भरायचा अशा गोष्टी आम्ही ऐकल्यात. युजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०११ पासून हे कमी करायला सांगितलं आणि २०१४ मध्ये कॉलेजांतलं डिसेक्शन बंद करण्याचं परिपत्रक काढलं. आता मॉडेल, व्हिडिओ, सॉफ्टवेअर. माझं मत विचारशील तर रोज हजारो मारले जाणारे बेडूक वाचले हे फार चांगलं झालं, पण बाजारातून आणलेला बांगडा घरी साफ करताना कल्ले, हृदय, पोटातला हवेचा फुगा हे बघत जा, आई तसाही करतेच आहे, शिकायला तेवढं पुरतं.

व्हेटचा कोर्स साडेपाच वर्षांचा, इंटर्नशिप धरून. आपल्या राज्यात ॲडमिशन नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाकडून होते आणि नीट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी हवं. एक गोष्ट मुंबईच्या मुलांना कुणी सांगत नाही ती मी सांगते, व्हेट म्हणजे लॅब्राडोर आणि पर्शियन मांजर नव्हे. अभ्यासक्रमात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांचाच भार जास्त, रात्री गोठ्यात खांद्यापर्यंत हात घालून आडवं आलेलं वासरू फिरवायचं असतं आणि तिथे एसी नसतो. रक्त, पू, शेण आणि मालकाचं रडणं या चारही गोष्टी झेपणार असतील तर जा, फार मोलाचं काम आहे. तिथे कापावं लागेलच बरं का, पण बरं करायला.

झूलॉजी वेगळी. तिथे एक प्राणी बरा करायचा नसतो, तो तसा का आहे हे विचारायचं असतं. पुढे रस्ते बरेच फुटतात, वर्सोव्याला केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे तिथे मत्स्यशास्त्रात एमएफएस्सी, पीएचडी होते, फोर्टला हॉर्नबिल हाऊसमध्ये त्याच बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे छोटे कोर्स असतात, ते तर बारावीनंतरच्या सुट्टीतही करता येतील. तुझ्या गिनीपिगांपैकी कोण कुणावर दादागिरी करतो, कुठल्या वेळी, जागा बदलली तर काय होतं हे तुला आपोआप बघावंसं वाटतं का? वाटत असेल तर झूलॉजी. ते आजारी पडल्यावर तुझा हात थरथरत नसेल तर व्हेट. दोन्ही असेल तर नीटचा फॉर्म भर, आधी जो दरवाजा उघडेल तो.

बाबांना सांग, व्हेटचे बरे दिवस आलेत. झूलॉजीच्या पैशाबद्दल मी गप्प बसते.

कासव आणलं तेव्हा दोन रुपयाच्या नाण्याएवढं होतं, कानामागे लाल पट्टी. आता ताटलीएवढं झालंय, टबमध्ये मावत नाही, पाठ पण मऊ वाटते. पवई तलावात किंवा बाणगंगेत सोडलं तर चालेल का? मोकळं जगेल बिचारं. – कांदिवली

नका सोडू, कृपा करून. हे रेड इअर्ड स्लायडर, अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. दुकानदार सांगत नाही की ते वीस-तीस वर्षं जगतं, कधी जास्त, आणि फूटभर होतं. तलावात सोडलेलं जगलं तर आपल्या देशी कासवांची ऊन खायची जागा, खाणं, सगळं बळकावतं, जगभर हाच उपद्रव झालाय. नाही जगलं तर पवईत मगरी आहेत. खुद्द अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला बंदी आहे, कारण मुलं ती हाताळून तोंडात हात घालायची आणि साल्मोनेला व्हायचा. तर हात धुवा, दर वेळी, साबणाने.

पाठ मऊ म्हणजे कॅल्शियम कमी आणि ऊन नाही. तुम्ही त्याला फक्त ते लाल-हिरवे दाणे घालत असणार आणि टब बाथरूममध्ये असणार, बरोबर? त्याला अंग पूर्ण कोरडं करून बसता येईल असा दगड किंवा वीट द्या आणि थेट ऊन, काचेतून आलेलं नाही, काच अतिनील किरण अडवते. अर्धी बाजू सावलीत ठेवा नाहीतर भाजेल. खाण्यात पालक नको, लाल माठ आणि पालकात ऑक्झलेट जास्त असतं ते कॅल्शियम अडवतं, त्यापेक्षा शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं, अधूनमधून कवचासकट छोटी कोळंबी. पुढच्या पायांची नखं लांबलचक असतील तर तो नर, मादीसमोर ती नखं थरथरवतो. नर की मादी हे अंडं किती तापमानाला होतं यावर ठरतं, आपल्यासारखं क्रोमोसोमवर नाही, गरम वाळूत माद्या.

सांभाळणं खरंच जमत नसेल तर प्राण्यांच्या एखाद्या संस्थेला विचारा, पण तिथेही अशी कासवं भरपूर झालीत हे ऐकायची तयारी ठेवा.

दादर हिंदू कॉलनीत राहतो. गेले दोन आठवडे एक कावळा फक्त माझ्याच डोक्यावर टोच मारतो. बायको म्हणते पितर रागावलेत. – निवृत्त, वय ६६

काका, मे-जून असेल तर पितरांना मध्ये आणू नका, वरती झाडात बघा, घरटं असणार. त्यांचा विणीचा हंगाम तोच. एखादं पिल्लू खाली पडलं असेल आणि तुम्ही जवळून गेला असाल तर तुम्ही त्यांच्या यादीत गेलात. अमेरिकेत सिॲटलला तिथल्या कावळ्यांवर मुखवटे घालून प्रयोग झालेत, ज्या मुखवट्याच्या माणसाने पकडलं तो चेहरा कावळ्यांनी वर्षानुवर्षं लक्षात ठेवला, बाकीच्या कावळ्यांनाही शिकवला. आपला कावळा वेगळ्या जातीचा, पण डोकं त्याचंही कमी नाही.

छत्री उघडून जा, पिल्लं उडाली की थांबेल. घरटं पाडू नका. त्यात दुसराही मुक्काम असू शकतो, कोकिळा आपलं अंडं कावळ्याच्याच घरट्यात टाकते, आणि ते कावळ्याच्या अंड्यांच्या आधी फुटतं. पहाटे साडेचारला तुमची झोप मोडणारा तो काळाकुळकुळीत ओरडणारा नर असतो, ठिपकेवाली तपकिरी मादी गुपचूप काम करते. कोकीळ कावळ्यांना भडकवून लांब नेतो आणि ती तेवढ्यात अंडं घालून मोकळी होते असंही बघितलं गेलंय. गॅलरीत बसून बघा, सिरीयलपेक्षा बरं.

गल्लीतल्या कुत्र्याच्या पिल्लाशी खेळताना मुलीला दात लागला, रक्त नाही आलं नीट, नुसता ओरखडा. पिल्लू छोटं आहे, घरचंच समजा. इंजेक्शन घ्यावं का? – भांडुप

हा अंक तुमच्या हातात पडेपर्यंत थांबला असाल तर वाचणं सोडा आणि आत्ता जा. मी खरंच सांगतेय. संपादकांना सांगून तुम्हाला आधीच मेल केलाय, तरी सगळ्यांसाठी लिहिते. साबण आणि वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची, हळद, मिरची, चुना काही लावायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना, महापालिकेच्या हॉस्पिटलात लस मिळते. डोस ठरलेल्या तारखांना पूर्ण करायचे, दोन झाल्यावर सोडायचे नाहीत. रेबीजचा विषाणू नसांमधून मेंदूकडे हळूहळू सरकतो, बहुतेकदा एक ते तीन महिने लागतात, म्हणून तर चावल्यावर लस देऊनही माणूस वाचतो, पाश्चरने १८८५ मध्ये पहिल्यांदा तेच केलं. लक्षणं दिसली की मात्र जवळजवळ कुणीच वाचत नाही. पिल्लू लहान आहे म्हणून रेबीज नसतो असं काही नाही.

पिल्लावर राग धरू नका, त्यालाही तीन महिन्यांचं झाल्यावर लस द्या.

कबुतराने एसीवर अंडी घातली होती, पिल्लू खाली पडलंय. दूध-ब्रेड दिलं, खात नाही. – ठाकुर्लीहून मुंबईत नुकतीच आलेली, बीएससीची विद्यार्थिनी

दूध-ब्रेड बंद कर. घरटं दिसतंय ना, उचलून परत ठेव, माणसाचा वास लागला की आईबाप टाकतात हे खरं नाही. कबुतराच्या पिल्लाला पहिले काही दिवस आई आणि बाप दोघंही गळ्यातल्या पिशवीत तयार होणारा घट्ट दुधासारखा पदार्थ भरवतात, होय, बापसुद्धा, आणि ते ज्या हार्मोनमुळे होतं तेच प्रोलॅक्टिन आपल्याकडे आईच्या दुधामागे आहे. बीएससीला हे विचारतात, लक्षात ठेव. आईबाप आलेच नाहीत तर पक्ष्यांच्या व्हेटकडे दे. एसीवरची वाळलेली घाण मात्र झाडू नको, ओली करून, मास्क लावून काढ, ती धूळ छातीत गेली की काहींच्या फुप्फुसांना कायमची सूज येते. डार्विनने कबुतरं पाळली, त्यांच्या जाती एकमेकांशी लावून बघितल्या, कबुतरवाल्यांच्या क्लबात जाऊन बसला, पण त्याच्याकडे खुराडं बागेत होतं, वन रूम किचनमध्ये नव्हतं.

ताई, मी टीवायला आहे, सेमिस्टरच्या मध्ये आमचा कुत्रा गेला. तेरा वर्षांचा होता. रोज रडू येतं, वायव्हाला पण बोलता आलं नाही. वर्गातला एकजण म्हणाला सायन्सवाली ना तू, प्राण्यांना भावना असतात हे आपण लादतो, ही केमिस्ट्री आहे सगळी. – डोंबिवली लोकलमधून

त्याला म्हणावं तुझं क्रिकेट पण केमिस्ट्रीच आहे, म्हणून मॅच बघायची सोडतोस का.

खरं म्हणजे केमिस्ट्रीबद्दल तो बरोबर आहे आणि त्यातून काढलेला अर्थ चुकीचा. जपानमध्ये २०१५ साली प्रयोग झाला, कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यात बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन वाढलं, आई आणि तान्ह्या बाळात होतं तसं. माणसाने वाढवलेल्या लांडग्यांमध्ये ते दिसलं नाही. म्हणजे तू लादत नव्हतीस, दोन्ही बाजूंनी काहीतरी चालू होतं, आणि ते मोजता येतं. आणि डार्विनचंच परत सांगते, बीगल बोटीवरून पाच वर्षांनी घरी आला तेव्हा घरचा कुत्रा, जो परक्यांना जवळ येऊ द्यायचा नाही, त्याला ओळखतो का हे मुद्दाम बघायला तो गोठ्यापाशी जाऊन नेहमीसारखी हाक मारून उभा राहिला. कुत्रा काही नाचला वगैरे नाही, जणू अर्ध्या तासापूर्वीच भेटलोय असा मुकाट मागे फिरायला निघाला. डार्विनने ते पुढे पुस्तकात घातलं, आणि किती दिवसांनी, तर पाच वर्षं आणि दोन दिवस असं मोजून घातलं. दिवस मोजणारा तो शास्त्रज्ञ आणि हाक मारणारा तो कुत्र्याचा मालक एकच होता, वेगळे करायला जाऊ नको.

तेरा वर्षं म्हणजे तू दुसरी-तिसरीत असल्यापासून. रडू येणारच. विभागप्रमुखांना स्पष्ट सांग की घरी मृत्यू झालाय, कुणाचा हे सांगायची लाज वाटू देऊ नको, वायव्हा परत घेतात बहुतेक ठिकाणी. त्याचे फोटो, लसीची फाइल, वजनाच्या नोंदी असं सगळं असेल तर टाकून देऊ नको. नवीन कुत्रा लगेच नको, आई म्हणेल आण, तरी थांब.

मुंबईत निसर्ग कुठे बघायचा? नॅशनल पार्क सोडून सांगा, गर्दी असते. फ्लॅटमध्ये प्राणी ठेवू देत नाहीत. – नुकतेच लग्न झालेलं जोडपं, अंधेरी

फ्लॅटचं आधी. सोसायटी कुत्रा-मांजर ठेवायला सरसकट बंदी करू शकत नाही, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या सूचना आहेत त्या छापून सेक्रेटरीला द्या. घरमालकाचं मात्र वेगळं, त्याच्याशी तुम्हालाच गोड बोलावं लागेल.

आणि बघायला, समुद्र! अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हाच ओहोटीही सगळ्यात खोल जाते, अष्टमीच्या भांगेला, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, जाऊन काही दिसत नाही, कुठल्याही कोळणीला विचारा. गिरगाव चौपाटीच्या कडेचे खडक, जुहूचा किनारा, हाजी अली. पाण्याच्या डबक्यात समुद्रफुलं, रिकाम्या शंखात घुसलेले शंखखेकडे, नशीब असेल तर ऑक्टोपस. खडकावर पोवळीसुद्धा आहेत आपल्याकडे, कोस्टल रोडच्या कामात हाजी अली आणि वरळीची काही २०२० मध्ये उचलून दुसरीकडे लावावी लागली. विक्रोळी, ऐरोलीकडे खाडीच्या चिखलात निवट्या उड्या मारताना दिसतात, मासा असून पाण्याबाहेर, आणि हिवाळ्यापासून मेपर्यंत फ्लेमिंगो, त्यांचा गुलाबी रंग खाल्लेल्या शेवाळातून येतो. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा आहे.

आणि लांब नसलं तरी चालतं. जोगेश्वरीत एका अंधशाळेच्या विहिरीत जमिनीखाली राहणारा आंधळा ईल सापडला, नवीन जात निघाली, मुंबाआईवरून नाव ठेवलं, राक्तामिक्थिस मुंबा. ठाण्यात सापडलेल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याचं नाव २०२१ मध्ये इशियस तुकारामी ठेवलंय, २६/११ ला कसाबची बंदूक धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळेंवरून. तुमच्या खिडकीच्या ग्रिलवर जे छोटे कोळी टुणटुण उडतात ना, त्याच कुळातला.

ओहोटीला जाताना स्लीपर घालून जाऊ नका, पकड असलेले जुने बूट घाला, दगड उचलून बघितला तर जसा होता तसा परत ठेवा, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर निळे फुगे पडलेले दिसले तर हात लावू नका, ते ब्लूबॉटल, मेलेलेही डंख मारतात. लागलंच तर चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा, मग डॉक्टर.